दोर ओढणारे चौघे

तोफेचा गोळा तोफेपर्यंत पोहोचतो कसा, हा प्रश्न युद्धकथा वाचताना सहसा कुणाला पडत नाही. तोफ धडाडते, समोरचे जहाज हादरते, सेनापती इतिहासात जाईल असे एखादे वाक्य बोलतो आणि आपण पान उलटतो. अमेरिकेच्या यादवी युद्धात चार काळ्या खलाशांना एकाच लढाईसाठी शौर्यपदके मिळाली. चौघेही गोळे आणि दारू वर पोहोचवण्याच्या कामावर होते. त्यांतल्या कुणी शत्रूचे निशाण हिसकावले नव्हते की तोफेला बत्तीही दिली नव्हती.

ते काम आधी समजून घेऊ. 'हार्टफर्ड' ही १८५८ साली बोस्टनमध्ये पाण्यात सोडलेली युद्धनौका. शिडेही होती आणि वाफेचे इंजिनही. तिच्या मुख्य तोफा नऊ इंच व्यासाच्या, डालग्रेन पद्धतीच्या आणि वरच्या उघड्या डेकवर मांडलेल्या. गोळे मात्र जहाजाच्या पोटात, पाण्याच्या पातळीखालच्या कोठारात. ते वर ठेवणे म्हणजे शत्रूच्या एका नेमक्या माऱ्यात सगळे जहाजच उडवून घेणे. त्यातला एकेक गोळा सत्तर पौंडांच्या आसपास भरायचा. आत पोकळ, दारू ठासलेला, तोंडाशी फ्यूज बसवलेला. तो वर आणायला डेकना पाडलेल्या चौकोनी तोंडांतून दोर सोडलेला असे. विहिरीवर पोहरा ओढतात तशीच रचना: वर कप्पी, खाली ओझे आणि दोराला हात घातलेली माणसे. नौदलाच्या बोलीत याला 'शेल व्हिप' म्हणत. हार्टफर्डवर एका शेल व्हिपला सहा माणसे होती.

हा दोर थांबला की वरची तोफ थांबली. तोफेवरचे गोलंदाज कितीही कुशल असोत, खालून गोळा आला नाही तर त्यांनी करायचे काय?

ही लढाई झाली अलाबामा राज्यातल्या मोबील बंदराच्या तोंडाशी, ५ ऑगस्ट १८६४ रोजी. युद्धापूर्वी कापूस परदेशी धाडण्यात न्यू ऑर्लिन्सच्या खालोखाल या बंदराचा क्रमांक होता. दक्षिणेकडच्या राज्यांनी फुटून वेगळे सरकार मांडले, तेव्हा एप्रिल १८६१ मध्ये लिंकनने त्यांच्या किनाऱ्याची नाकेबंदी जाहीर केली. वर्षभरात न्यू ऑर्लिन्स पडले. मोबीलमधून मात्र रात्री-अपरात्री नाकेबंदी चुकवून जाणारी वेगवान जहाजे कापूस बाहेर नेत राहिली आणि परत येताना शस्त्रे, औषधे, कापड आणत राहिली.

या नाकेबंदीचे पडसाद आपल्याकडे चांगलेच उमटले होते. लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेनासा झाला आणि खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे असा भाव आला. उत्तरेची जहाजे मोबीलच्या तोंडाशी शिरत होती त्या वर्षी मुंबईत शेअरची धुंदी चढली होती. समुद्र भरून काढण्याच्या कंपन्या निघत होत्या आणि दलाल प्रेमचंद रायचंदच्या शब्दावर लोक पैसे लावत होते. १८६५ मध्ये अमेरिकेतले युद्ध संपले आणि मुंबईतल्या पेढ्या धडाधड बुडाल्या. आपल्या आर्थिक इतिहासात हे प्रकरण नेहमी येते. नाकेबंदी प्रत्यक्ष कुणाच्या अंगमेहनतीवर उभी होती, हे त्यात येत नाही.

मोबील उपसागराच्या तोंडावर पूर्वेला फोर्ट मॉर्गन, पश्चिमेला फोर्ट गेन्स. मधल्या पाण्यात दक्षिणेच्या सैन्याने सुरुंग सोडून ठेवले होते. त्यांना त्या काळी 'टॉर्पेडो' म्हणत. स्वतः धावत जाणारा टॉर्पेडो अजून यायचा होता. सुरुंगांच्या पट्ट्याच्या पूर्वेला, फोर्ट मॉर्गनच्या अगदी पुढ्यातून, एक अरुंद वाट तेवढी मोकळी ठेवलेली. आत यायचे तर किल्ल्याच्या तोफांखालूनच या, असा तो सापळा. आणि आत 'टेनेसी' हे चिलखती जहाज व तीन गनबोटी घेऊन ॲडमिरल फ्रँकलिन ब्यूकॅनन वाट पाहत होता. ॲनापोलिसच्या नौदल विद्यालयाचा हा पहिला प्रमुख. ज्यांनी अमेरिकी नौदलाला शिस्त शिकवली त्यांतलाच एक आता त्या नौदलाच्या समोर उभा होता.

उत्तरेच्या बाजूनेही अशीच गुंतागुंत. आरमाराचा प्रमुख डेव्हिड फॅरागट जन्माने टेनेसीचा, म्हणजे दक्षिणेतला. वय ६३, आणि नौदलात दाखल झाला तो नवव्या वर्षी. हार्टफर्डचा कप्तान पर्सिव्हल ड्रेटन साउथ कॅरोलायनाचा, आणि त्याचा सख्खा भाऊ दक्षिणेच्या सैन्यात जनरल. यादवी म्हणजे काय, हे कळायला एवढे पुरे.

फॅरागटने १४ लाकडी जहाजांच्या सात जोड्या केल्या. मोठे जहाज किल्ल्याच्या बाजूला आणि त्याच्या डाव्या अंगाला लहान जहाज दोरखंडांनी जखडलेले. मोठ्याचे इंजिन बंद पडले तर लहान्याने ओढून न्यायचे. वेळ भरतीची निवडली, म्हणजे निकामी झालेले जहाजही पाण्याबरोबर आतच वाहत जाईल. हार्टफर्डच्या उजव्या अंगावर, किल्ल्याच्या माऱ्यापासून वाचायला, लोखंडी साखळ्या लटकवल्या. मॉनिटर जातीची चार चिलखती जहाजे किल्ल्याच्या बाजूने वेगळ्या रांगेत निघाली.

सकाळी सातच्या आधी तोफा सुरू झाल्या. पाऊण-एक तासात सगळ्यांत पुढचा मॉनिटर 'टेकमसी' सुरुंगावर गेला आणि दोन-तीन मिनिटांत नाहीसा झाला. आत शंभराहून अधिक माणसे होती, वाचली ती वीस-एकवीस. ते पाहून रांगेच्या पुढे असलेली 'ब्रुकलिन' थबकली. मागची जहाजे तिच्यावर चढू लागली आणि सगळा काफिला किल्ल्याच्या तोंडासमोर खिळला. फॅरागट तेव्हा धुराच्या वरचे दिसावे म्हणून डोलकाठीच्या दोरजाळीवर चढून बसला होता. पडू नये म्हणून त्याला दोराने बांधून ठेवले होते. त्याने हार्टफर्डला ब्रुकलिनच्या बाजूने काढून सरळ सुरुंगांच्या पट्ट्यातून पुढे नेले. सुरुंगांना शिव्या घालून पूर्ण वेगाने पुढे जाण्याचा हुकूम देणारे त्याचे वाक्य अमेरिकेतल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक असते. ते ज्या रूपात प्रसिद्ध आहे त्या रूपात युद्धानंतर कैक वर्षांनी छापून आले, तेव्हा त्यावर फार विसंबू नये. कृती मात्र खरी आणि थरारक. खालच्या डेकवरच्या माणसांनी जहाजाच्या तळाला सुरुंग घासल्याचे आणि त्यांचे खटके उडाल्याचे आवाज ऐकल्याचे सांगितले. बरेच दिवस पाण्यात राहून ते निकामी झाले होते, म्हणून जहाज वाचले.

डोलकाठीवरचा फॅरागट चित्रांत, पुतळ्यांत, पाठ्यपुस्तकांत सगळीकडे आहे. आपण त्याला तिथेच सोडून खाली उतरू.

बर्थ डेक ही खलाशांची झोपायची जागा. लढाईच्या वेळी झोळ्या गुंडाळून वर नेतात आणि खाली मोकळी, बुटकी, अंधारी जागा उरते. कंदिलांचा उजेड, ऑगस्टमधला मेक्सिकोच्या आखाताचा उकाडा, जवळच पेटलेल्या भट्ट्या आणि वरून उतरणारा दारूचा धूर. तिथल्या माणसाला शत्रू दिसत नाही, आपण जिंकतो आहोत की हरतो आहोत हेही कळत नाही. त्याला दिसतात ते समोरचा दोर आणि त्याला टांगलेला गोळा.

या दोरावर जॉन लॉसन होता. जन्म १८३७, फिलाडेल्फियाचा, स्वतंत्र काळ्या कुटुंबातला. नौदलातला त्याचा हुद्दा 'लँड्समन', म्हणजे समुद्राची सवय नसलेल्या नव्या भरतीच्या माणसाला मिळणारा, प्रौढांमधला सर्वांत खालचा. त्या सकाळी शत्रूचा एक गोळा त्याच्या जागेवर येऊन फुटला. शेल व्हिपवरच्या सहाही जणांना त्याने मारले किंवा जखमी केले. लॉसनच्या पायाला जखम झाली आणि तो जहाजाच्या भिंतीवर जोराने आदळला. भानावर येताच तो आपल्या जागी परतला. खाली जाऊन उपचार करून घे, असे त्याला सांगण्यात आले. तो गेला नाही. लढाई संपेपर्यंत दोरावरच राहिला.

लॉसनच्या पदकाच्या मानपत्रात एवढेच आहे, आणि मला ते पुरेसे वाटते. खाली सर्जनकडे जाण्यात लॉसनला कुणी भित्रा म्हटले नसते. पायातून रक्त वाहत असताना उपचाराला जाणे हा त्याचा हक्क होता, उलट वरिष्ठांचा आग्रहच होता. एखाद्याला न पळाल्याबद्दल शाबासकी देतात तसे हे नाही. सन्मानाने काम सोडायची मुभा असताना ते न सोडणे, हे वेगळ्या जातीचे धैर्य आहे. शिवाय हल्ला चढवताना रक्त उसळते, भोवती आरोळ्या असतात, माणूस वाहवत जातो. दोर ओढताना वाहवत जाता येत नाही. प्रत्येक गोळ्यासाठी नव्याने ठरवावे लागते.

त्याच जहाजावर विल्सन ब्राउन होता. मिसिसिपी राज्यातल्या नॅचेझचा, जन्मापासून गुलाम. १८६३ साली हार्टफर्ड मिसिसिपी नदीवर असताना तो जहाजावर आला आणि भरती झाला. ५ ऑगस्टला शिडीवर त्याच्या वर असलेला माणूस गोळ्याच्या स्फोटात मरणाच्या दारी गेला आणि ब्राउन बेशुद्ध होऊन खालच्या तळघरात पडला. शुद्धीवर येताच तो वर चढून बर्थ डेकवरच्या शेल व्हिपवर परत गेला. तिथल्या सहांपैकी चौघे तोपर्यंत मेले किंवा जखमी झाले होते. त्याचे मानपत्र चारच म्हणते आणि लॉसनचे सहाही म्हणते. हिशेब नीट जुळत नाही, पण जहाज तेच, डेक तोच, काम तेच. बहुधा एकाच स्फोटाची ही दोन वर्णने असावीत. एकीकडे फिलाडेल्फियाचा जन्मजात स्वतंत्र माणूस, दुसरीकडे वर्षभरापूर्वीपर्यंत कुणाची तरी मालमत्ता असलेला माणूस. आणि दोघे जिथे परत गेले ते ठिकाण एकच.

ब्रुकलिनवरची जोडी विल्यम एच. ब्राउन आणि जेम्स मिफ्लिन यांची. मिफ्लिनचा हुद्दा इंजिनियर लोकांचा स्वयंपाकी. दोघे नेमलेले दारूगोळा विभागात, शेल व्हिपच्या लगत. त्यांच्या भोवतीच्या शेल व्हिपवरची माणसे स्फोटांनी दोनदा साफ झाली. हे दोघे हलले नाहीत. त्यांची मानपत्रे जवळपास शब्दशः सारखी आहेत. कारकुनाने एक मजकूर करून नावे भरली असावीत, अशी शंका येण्याइतकी.

चौघेही काळे आणि चौघेही एकाच प्रकारच्या कामावर, हा योगायोग नव्हे. अमेरिकी नौदलात काळे खलाशी युद्धाच्या आधीपासून होते. भूदलात काळ्यांच्या वेगळ्या पलटणी होत्या, त्यांवर गोरे अधिकारी होते, आणि १८६४ च्या जूनपर्यंत त्यांना पगारही गोऱ्या शिपायापेक्षा कमी होता. नौदलात वेगळी जहाजे नव्हती. जो हुद्दा त्याचा जो पगार, तो काळ्यालाही मिळे. जहाजावर जागाच इतकी कमी की वेगळे राहायचे म्हटले तरी राहणार कुठे? पण हुद्दा कोणता द्यायचा, इथे सगळी मेख होती. नौदलमंत्री गिडियन वेल्सने सप्टेंबर १८६१ मध्ये पळून आलेल्या गुलामांना भरती करायला परवानगी दिली ती 'बॉय' या हुद्द्यावर: महिना दहा डॉलर आणि एक शिधा. चाळिशीचा गडी असला तरी कागदोपत्री पोरगा. वर्षभराने त्यांना लँड्समन होण्याची वाट खुली झाली. एकंदर युद्धात सुमारे १८ हजार काळी माणसे नौदलात होती. त्यांतली बरीचशी स्वयंपाकात, कोळशाच्या खणात, अधिकाऱ्यांच्या सेवेत आणि लढाईच्या वेळी दारूगोळ्याच्या वाटेवर. मोबीलच्या पदकांकडे पाहिले की नौदलाने या माणसांना कुठे उभे केले होते, याचा नकाशाच समोर येतो.

आता त्या दिवसाचा शेवट. आत शिरलेल्या आरमारावर 'टेनेसी' एकटीच चालून आली. सगळ्या जहाजांनी तिला घेरून धडका दिल्या, जवळून तोफा डागल्या. तिचे सुकाणू फिरवणाऱ्या साखळ्या डेकवर उघड्या होत्या. त्या तुटल्या, ब्यूकॅननचा पाय मोडला आणि सकाळी दहाच्या सुमाराला तिच्यावर पांढरे निशाण चढले. फोर्ट गेन्स ८ ऑगस्टला आणि फोर्ट मॉर्गन २३ ऑगस्टला शरण आला. हार्टफर्डवर २५ जण मेले, २८ जखमी झाले.

चौघांची पदके ३१ डिसेंबर १८६४ च्या आदेशाने जाहीर झाली. या पदकाचा, मेडल ऑफ ऑनरचा, एक नियम फारसा ठाऊक नसतो. नौदलासाठी ते डिसेंबर १८६१ मध्ये सुरू झाले ते फक्त खलाशी, छोटे हुद्देदार आणि नौसैनिक यांच्यासाठी. अधिकाऱ्यांना ते मिळू शकत नव्हते, आणि हा नियम १९१५ पर्यंत टिकला. म्हणजे डोलकाठीवर बांधून घेतलेल्या फॅरागटला ते मिळणे शक्यच नव्हते. त्याला बढती मिळाली. पदक घडवले गेले फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत, लॉसनच्याच गावात. नांगराला टांगलेला, टोक खाली असलेला पंचकोनी तारा. त्यावर ढाल पुढे केलेली मिनर्व्हा देवी आणि तिच्यापुढे माघार घेणारी, हातात साप धरलेली फुटीची मूर्ती. भोवती ३४ तारे, एका राज्याला एक. फुटून निघालेली राज्येही त्यात मोजलेली आहेत; ज्याच्या किल्ल्याच्या तोफांखालून लॉसनचे जहाज गेले तो अलाबामाही.

पदक मिळायला लॉसनला पाच महिने लागले. भूदलातल्या विल्यम कार्नीची गोष्ट पाहा. जुलै १८६३ मध्ये फोर्ट वॅग्नरच्या हल्ल्यात त्याने जखमी अवस्थेत पलटणीचे निशाण सांभाळले आणि त्याचे पदक आले १९०० साली. काळ्या माणसाच्या हाती पहिले मेडल ऑफ ऑनर पडले ते नौदलातच, एप्रिल १८६४ मध्ये. तो माणूस रॉबर्ट ब्लेक, साउथ कॅरोलायनात गुलामीतून सुटून नौदलात आलेला. 'मार्बलहेड' जहाजावर तो कप्तानाचा सेवक होता, म्हणजे लढाईत त्याला नेमून दिलेले काम काहीच नव्हते. १८६३ च्या नाताळच्या दिवशी स्टोनो नदीत जहाजावर पहाटे हल्ला झाला. दारू पोहोचवणारा पोरगा मारला गेला आणि ब्लेकने ते काम आपणहून उचलले. दारूच्या पेट्या तोफांपर्यंत नेत राहिला. शत्रू एक तोफ मागे टाकून निघून गेला. इथेही पुन्हा दारूगोळ्याचीच वाट.

गुलामगिरीविरुद्धच्या या लढ्याची दखल घेणारा एक माणूस महाराष्ट्रात होता. मोबीलनंतर नऊ वर्षांनी, १८७३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध केले आणि ते अर्पण केले अमेरिकेतल्या त्या सज्जनांना, ज्यांनी काळ्यांची गुलामगिरी मोडण्यासाठी स्वार्थ बाजूला ठेवून झीज सोसली. अर्पणाचा रोख गोऱ्या उदार माणसांकडे आहे, आणि त्या काळी इथपर्यंत पोहोचणारी पुस्तके-वर्तमानपत्रे पाहता ते साहजिकच म्हणायला हवे. पण ज्यांची गुलामगिरी मोडत होती त्यांनीही ती मोडायला हात लावला होता, अगदी शब्दशः. जोतीरावांना नॅचेझच्या विल्सन ब्राउनची हकीकत कळली असती तर त्यांनी तिचे सोने केले असते, असे मला खात्रीने वाटते.

विल्सन ब्राउन १९०० साली वारला. नॅचेझच्या राष्ट्रीय दफनभूमीत, ज्या गावातून तो गुलाम म्हणून निघाला त्याच गावात, त्याची कबर आहे. लॉसन दीर्घायुषी ठरला. ३ मे १९१९ रोजी, वयाच्या ८१ व्या वर्षी तो गेला आणि न्यू जर्सीतल्या लॉनसाइड गावी, माउंट पीस या काळ्या लोकांच्या दफनभूमीत त्याला पुरले. गोऱ्यांच्या दफनभूमीत जागा मिळत नसे म्हणूनच ती उभी राहिली होती. नौदलाने जहाजावर शेजारी झोपवले. जमिनीवर मात्र मेल्यावरही वेगळे.

आणि नौदलानेही पुढे शब्द फिरवला. युद्धानंतरच्या दशकांत काळ्या खलाशांना हळूहळू स्वयंपाकघराकडे आणि भट्टीकडे ढकलत नेले. ज्या १९१९ साली लॉसन वारला, त्याच वर्षी अमेरिकी नौदलाने काळ्यांची नवी भरतीच थांबवली. १९३२ मध्ये ती पुन्हा उघडली ती फक्त अधिकाऱ्यांच्या जेवणाची व्यवस्था पाहणाऱ्या नोकरांसाठी. तोफेपाशी, इंजिनापाशी, सर्वसाधारण खलाशी म्हणून त्यांना घ्यायला १९४२ उजाडले. अमेरिकी नौदलातल्या काळ्या अधिकाऱ्यांची पहिली तुकडी १९४४ च्या मार्चमध्ये नेमली गेली. ते तेरा जण होते: बारा एन्साइन आणि एक वॉरंट अधिकारी. मोबीलच्या लढाईला तेव्हा ८० वर्षे होत आली होती.